जुनी थार ठेवावी की नवी घ्यावी? तळोद्यातल्या एका घराचं प्रकरण

नावं बदलण्यापेक्षा मी ती घेतच नाही. घरात जी हाक मारतात तीच इथे वापरतो: वडील ते आप्पा, मुलगा तो दादा, आप्पांच्या मंडळी त्या माई. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि तिघांना विचारूनच हे लिहितो आहे. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. दादा माझा जुना विद्यार्थी, म्हणून या प्रकरणात सुरुवातीपासून होतो. माझा एक सल्ला चुकला, तोही खाली आहे.

पार्श्वभूमी

तळोदा सातपुड्याच्या पायथ्याला. इथून चांदसैली घाट चढला की धडगाव, आणि धडगावच्या पुढे डोंगरभर विखुरलेले पाडे. आप्पांचा व्यवहार या पाड्यांशी. होळीनंतर कैऱ्या उतरायला लागतात, घराघरांत त्या सोलून-चिरून अंगणात वाळत पडतात आणि वैशाखात आमचुराचे भाव बोलले जातात. पावसाळा सरला की भगर. माल पिकअपमधून खाली येतो, पण नमुना बघायला, उचल द्यायला, हिशोब मिटवायला माणूस स्वतः जावा लागतो. आप्पा तीस वर्षं जात आले आहेत.

२०११च्या डिसेंबरात त्यांनी थार घेतली. महिंद्रानं ही गाडी आदल्याच वर्षी बाजारात आणली होती. तिच्यात दोन इंजिनं मिळत: जुन्या पद्धतीचं साधं ६३ अश्वशक्तीचं डीआय आणि संगणकावर चालणारं १०५ अश्वशक्तीचं सीआरडीई. आप्पांची सीआरडीई, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद. वर कापडी हूड, मागे समोरासमोर दोन बाकं, सातजणांची नोंदणी. एअरबॅग नाही, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. त्या काळी कुणी विचारतही नव्हतं.

या भागात गाडी एका घराची नसते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. वर गेलेली गाडी खाली येताना रिकामी येत नाही. कुणाला तहसीलला यायचं असतं, कुणाची पोर शाळेत सोडायची असते, कुणाचं दुखणं अचानक वाढलेलं असतं. शिवाय अश्विनात अस्तंब्याच्या डोंगराची यात्रा, फाल्गुनात काठी गावची होळी. आप्पांच्या गाडीच्या बाकांवर किती बाळंतिणी उतरल्या असतील याची मोजदाद नाही. माई म्हणतात, "त्या गाडीचं पुण्य आमच्या घराला लागलंय." आप्पा नुसते मान हलवतात.

२०२४ पर्यंत काट्यावर दोन लाख तीस हजार किलोमीटर झाले होते. बिघडायची, पण बिघडली तिथेच उठायची. चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा क्रॉस गेला, पाट्याचा (खालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) मेन तुटला, क्लच प्लेट घासली, तर मोलगीचा मिस्तरी रात्रीतून काम उरकायचा. ट्रॅक्स आणि महिंद्राच्या जुन्या ५४० जीपांवर हात बसलेला माणूस तो. आवाज ऐकून बेअरिंग सांगतो.

अडचण

जुलै २०२४. चांदसैलीतून उतरताना पाऊस चालू, रस्त्यावर दरडीची लाल माती पसरलेली. दादा चालवत होता. शेजारी तापानं फणफणलेली एक बाई आणि तिचा नवरा, मागे बाकांवर पाचजण. वळणावर समोरून एसटी आली. दादानं ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत गेली. नशीब इतकंच की दरीकडे न जाता ती डोंगराच्या बाजूच्या गटारात उतरली आणि उजवा कोपरा कड्यावर आदळला.

आजारी बाईला काही झालं नाही. मागे मात्र आडव्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांवर फेकली गेली. एका आठ वर्षांच्या मुलीच्या कपाळाला सहा टाके पडले, तिच्या आत्याचं मनगट मोडलं. वेग तिशीच्या आतबाहेर होता, हे दादा शपथेवर सांगतो आणि मला ते खरं वाटतं. ओल्या मातीत तेवढा वेग पुरे होतो.

त्या रात्री घरात जेवण झालं नाही. दुसऱ्या दिवशी दादा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आता काय करू? आप्पा म्हणताहेत दुरुस्त कर. मला त्या बाकावर कुणाला बसवायचं धैर्य होत नाही."

मागे कागदांचा प्रश्नही उभा होता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, हरित कर भरावा लागतो. या गाडीची मुदत डिसेंबर २०२६ची. म्हणजे आज पैसा ओतला तरी अडीच वर्षांनी आरटीओपुढे ती पुन्हा उभी राहणार.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

मी सांगितलं, दुरुस्त करा. इंजिन ठणठणीत होईल, ब्रेक नवे बसवू, पुढे चांगली टायर घालू. खर्चाचा अंदाज दीड लाख. नवी गाडी त्याच्या बारापट.

अपघाताच्या आधीपासून गाडी धूर टाकत होती, चढावर दम सोडत होती. म्हणून काम तिथूनच सुरू केलं. इंजेक्टर काढून धुळ्याला पाठवले, टर्बो नवा घेतला, क्लचचा पूर्ण सेट बदलला. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जुनी गाडी म्हणजे सगळी हातोडी-पान्याची, असं लोक धरून चालतात. डीआयबद्दल ते बरंचसं खरं आहे. पण सीआरडीई ही कॉमन रेल आहे, म्हणजे डिझेल किती आणि कधी फवारायचं ते तिच्यातही संगणक ठरवतो, तिचे इंजेक्टर मोलगीत दुरुस्त होत नाहीत. ड्रममधलं डिझेल तिलाही बाधतं. मिस्तरी जे उठवतो ते चाकं, पाटे, क्रॉस, गिअर बॉक्स. इंधनाची बाजू त्याच्याही हाताबाहेरची आहे.

शहाऐंशी हजार खर्च झाल्यावर मागचे पाटे उतरवले. आणि तिथे मी खाली वाकून छोटी हातोडी चासीच्या, म्हणजे गाडी ज्या सांगाड्यावर उभी असते त्याच्या, पट्टीवर मारत मागे सरकलो. पुढे टण्, मध्ये टण्, मागचा पाटा जिथे टांगलेला असतो त्या शॅकलच्या हँगरजवळ आल्यावर आवाज बसला. भद्द. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं तर आत गेलं. तपकिरी भुगा हातावर पडला. तेरा पावसाळे नाल्यांवरच्या फरशी पुलांवरून पाणी तुडवत गेलेली गाडी, वरून धुतली जायची, खालून कधी नाही. चासीच्या पोकळीत गेलेली माती तिथेच ओली राहून पत्रा खात होती.

हे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम, हातोडी आणि बॅटरी एवढ्यात होणारं. आधी चासी पाहिली असती तर शहाऐंशी हजारांचा निर्णय वेगळा झाला असता. विद्यार्थ्यांना मी हाच क्रम शिकवतो, आणि ओळखीच्या गाडीपुढे तो विसरलो. दादाची मी त्याच वेळी माफी मागितली.

चासीला प्लेट मारून वेल्ड करता येतं, चांगल्या माणसानं केलं तर ते टिकतंही. पण त्यावर सातजण बसवून घाट उतरायचा का, याला मी आता हो म्हणायला तयार नव्हतो.

समोर असलेले पर्याय

दिवाळीनंतर ओट्यावर बसून सगळं मांडलं. थारचा दुसरा अवतार २ ऑक्टोबर २०२० रोजी आला. २.२ लिटरचं डिझेल, १३० अश्वशक्ती, ३०० न्यूटन मीटर. मधल्या काळात थारचीच मोठी बहीण रॉक्सही आली होती, १५ ऑगस्ट २०२४ला, पाच दारांची. तिची फोर बाय फोर डिझेल तेव्हा १८.७९ लाखांपासून, तीही एक्स-शोरूम. फोर्सची गुरखा पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्सींना (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांना) लॉक देते, हे तेव्हा दुसरं कुणी या किमतीत देत नव्हतं. चढाच्या कामाला ती सगळ्यांत पक्की, असं माझं आजही मत आहे. मारुतीची जिम्नी हलकी, बाराशे किलोच्या आसपास, आणि अरुंद रस्त्याला सोयीची. पण ती पेट्रोलवर चालते, आणि गोण्या घेऊन चढताना डिझेलच्या ओढीची सवय झालेल्या आप्पांना ती पटेना.

खरी चर्चा जुनी थार विरुद्ध नवी थार अशीच झाली. कागदावरचे आकडे दादानं वहीत उतरवले होते. जमिनीपासूनची उंची जुनीची २०० मिलिमीटर, नवीची २२६. पुढून चढायचा कोन जुनीचा ४४ अंश, नवीचा ४१.८, म्हणजे इथे जुनी किंचित सरस. मागून उतरायचा कोन मात्र जुनीचा २७, नवीचा ३६.८. हा फरक आप्पांना आकड्यानं नाही, अनुभवानं माहीत होता. नाल्यातून वर निघताना जुनीचं मागचं बंपर दर वेळी दगडाला घासायचं. नवी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनसीएपी या संस्थेनं तिला २०२० साली चार तारे दिलेले आहेत.

आणि रुंदी. जुनी १७२६ मिलिमीटर, नवी १८२०. जवळजवळ चार बोटं. ज्या रस्त्यावर एसटीला बाजू देताना चाक कडेच्या मुरमावर जातं, तिथे चार बोटं मोठी असतात.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. "गाडी इकानी नही," ते म्हणाले. म्हणजे विकायची नाही. वर बंद पडली तर नवी कोण उठवणार, हा त्यांचा प्रश्न. तो भावनेचा नव्हता. त्या रस्त्यांवर मोबाइलला रेंज नसते, पावसाळ्यात दरड आली की घाट बंद होतो, आणि टोचन करायला गाडी वर जाणार कुठून? जुनी महिन्यातून एकदा रुसेल पण घरी आणेल. नवी वर्षातून एकदाच रुसेल, पण तिथेच बसेल. मी याला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं.

स्वतःच्या रस्त्यावर

एक गोष्ट आम्ही बरोबर केली. शोरूमच्या फेरीवर भरवसा ठेवला नाही. नात्यातल्या एका ठेकेदाराकडे नवी थार होती, ती एका रविवारी मागून घेतली आणि आप्पा, माई, दादा आणि मी नेहमीच्या वाटेनं वर गेलो. मिस्तरीला धडगावहून घेतला.

धडगावच्या पुढे एक चढ आहे, ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्हीकडे आळीपाळीनं खड्डे पाडलेले. तिथे एका वेळी पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी होतं. जुनीत डिफरन्सी उघडी, लॉक नाही. तसं लॉक पुढे २०१५च्या थारमध्ये आलं. त्यामुळे सगळी ताकद अधांतरी चाकाकडे पळायची, ते गरगर फिरायचं आणि दादा पळत येऊन मागे दगड लावायचा. नवीत मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉक आहे. एक चाक ठरावीक वेगापुढे फिरायला लागलं की ते आपोआप दोन्ही चाकं बांधतं. तसंच झालं. चाक क्षणभर फिरलं, खालून खट् असा आवाज आला आणि गाडी शांतपणे वर निघाली. मिस्तरी खाली बसून बघत होता. तो उठला, मातीचा हात पँटला पुसला आणि आप्पांना म्हणाला, "आप्पा, हे आपल्याला दगड लावून जमत नव्हतं."

उतरताना हिल डिसेंट, म्हणजे उतारावर आपोआप वेग आवरणारी सोय, लावून दादानं दोन्ही पाय काढून घेतले. आप्पांनी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं, ते अर्ध्या उतारावर सोडलं.

मग माईंची पाळी. नवीला दोनच दारं बाजूला. मागे जायचं तर पुढची सीट वाकवून, उंच पायरी चढून, आत वळून बसायचं. माईंचा गुडघा दुखतो. नऊवारीचा सोगा सीटच्या रुळात अडकला. दोनदा प्रयत्न करून त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "आणि पोटुशी बाई कशी चढेल रे यात?"

या एका वाक्यानं सगळी तुलना उलटीपालटी झाली. जुनीत मागचं फाटक उघडलं की माणूस सरळ आत, झोपवायचं असलं तरी दोन बाकांच्या मध्ये गोधडी टाकता येते. नवी चौघांची. ज्या गाडीत सात बसत त्या जागी चार, आणि मागची सीट मांडली की सामानाला जागा जेमतेम दोन पिशव्यांची.

काय ठरलं

पंधरा दिवस घरात यावर बोलणं झालं. रॉक्सला पाच दारं आहेत, बसणं सोपं आहे, माईंचा कल तिकडे होता. पण तिची लांबी ४४२८ मिलिमीटर, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २८५०. पाड्यावरच्या दोन वळणांवर ती एका दमात वळणार नाही, हे आम्ही दोरी टाकून मोजलं. शिवाय पैसा. नवी थार ऑन-रोड अठरा लाखांच्या वर जात होती, रॉक्स त्याहून वर.

जानेवारी २०२५मध्ये त्यांनी २०२१ची वापरलेली थार घेतली. डिझेल, हार्ड टॉप, मागे समोर तोंड करून बसायच्या सीटा, एकोणचाळीस हजार किलोमीटर. साडेअकरा लाख. घेण्याआधी गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला, खाली झोपून चासी ठोकली, पाण्यात बुडाल्याच्या खुणा कार्पेटखाली शोधल्या. यात तासही गेला नाही.

जुनी विकली नाही. चासीला प्लेट मारून ती शेताच्या कामाला ठेवली, फक्त सपाटीवर. आणि आप्पांनी स्वतः पाना घेऊन मागची दोन्ही बाकं सोडवली. मी तिथे होतो. एक बोल्ट गंजून बसला होता, तो त्यांनी कुणाला कापू दिला नाही. रॉकेल टाकत, हळूहळू फिरवत अर्ध्या तासानं काढला. बाकं आता गोठ्याच्या ओट्यावर आहेत.

आजाऱ्यांचं काय, तर नवीत एक आजारी आणि सोबत एक, एवढंच. बाई अवघडलेली असेल तर पुढची सीट मागे पाडून तिथेच बसवायची. आणि फोन लागत असेल तर आधी १०८. पूर्वी १०८ला फोन करायच्या आत आप्पांची गाडी निघालेली असायची. हा बदल पाड्यावरच्यांना आवडलेला नाही. दोन ठिकाणी आप्पांना "नवी गाडी आली, आता माणसं नकोत" असं ऐकावं लागलं. ते त्यांना फार लागलं, अजूनही लागतं.

पहिला उन्हाळा

आप्पांची शंका खरी ठरली, पण त्यांना वाटलं होतं त्या कारणानं नाही.

मे महिन्यात आमचुराचा हंगाम. पारा बेचाळीसच्या पुढे. जुनीत इंजिन बंद करून आंब्याखाली बसायचं. नवीचा एसी छान, म्हणून भाव चालू असताना गाडी तासतासभर चालूच. मग पुढच्या पाड्यापर्यंत चार-पाच किलोमीटर लो रेंजमध्ये, म्हणजे चढाच्या मंद गिअरात, पुन्हा तसंच. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम पाळणाऱ्या, डिझेल गाड्यांना धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. काजळी तिच्यात अडकते आणि धूर पुरेसा तापला की आतल्या आत जळून जाते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगानं पळावी लागते. उभ्या गाडीत धूर तापत नाही, काजळी साचतच जाते.

जाळी भरत आल्याचा दिवा लागला होता. दादानं पाहिला आणि हंगाम संपल्यावर बघू म्हणाला. तिसऱ्या दिवशी चांदसैलीच्या वरच्या अंगाला गाडीनं ताकद सोडली, पहिल्या-दुसऱ्या गिअरपलीकडे जाईना. मिस्तरी आला, बॉनेट उघडून उभा राहिला. त्याच्या हाताला काही नव्हतं. गाडी रडतखडत खाली आणली, मग नंदुरबार. तिथे स्कॅनरवरून जाळी जाळून साफ केली. बिल साडेसहा हजार. हंगामातले तीन दिवस गेले, त्यांची किंमत त्याहून जास्त.

हा गाडीचा दोष नाही. चुकीच्या सवयीनं वापरली, आणि ती सवय बदला हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. आता आठवड्यातून एकदा तळोद्याहून नंदुरबारकडे अर्धा तास एका गतीनं फेरी असते. दिवा लागला तर ती फेरी त्याच दिवशी. आणि जाळी जळत असताना गाडी वाळल्या गवतावर उभी करायची नाही, कारण त्या वेळी सायलेन्सरची नळी भयंकर तापलेली असते. वैशाखातल्या सातपुड्यात याचा अर्थ काय होतो, तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

त्याच जूनमध्ये मिस्तरीनं स्कॅनर घेतला. निम्मे पैसे आप्पांनी उचल म्हणून दिले. चार रविवार तो माझ्याकडे येऊन बसला. बिघाडाचे कोड वाचणं, जाळीतली काजळी किती हे बघणं, उभ्या गाडीत ती जाळायची आज्ञा देणं, एवढं त्याला आता येतं. ऑगस्टमध्ये त्यानं धडगावच्या एका शिक्षकाची नव्या पद्धतीची डिझेल गाडी जागेवर उठवली. "वर बंद पडली तर कोण उठवणार" या आप्पांच्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं उत्तर, आणि ते शोरूमकडून आलेलं नाही.

आजची स्थिती

वर्षभरात नवी एकोणीस हजार किलोमीटर चालली. सरासरी डोंगरात लिटरला अकरा किलोमीटरच्या आसपास, जुनीपेक्षा जेमतेम एकानं जास्त. टायर मात्र २५५/६५ आर १८. एक फाटला तेव्हा तळोद्यात मिळाला नाही, दोन दिवस स्टेपनीवर काढावे लागले. जुनीचं सोळा इंची टायर कुठेही मिळायचं. पूर्वी गाडीतच येणाऱ्या दहा-बारा गोण्यांसाठी आता पिकअपची जादा फेरी लागते, आणि हा खर्च आम्ही कुणीच धरला नव्हता.

मागच्या पावसाळ्यात त्याच घाटात, त्याच वळणाच्या थोडं खाली, दादापुढे दगडमाती आली. त्यानं ब्रेक दाबून धरला, पायाखाली एबीएसची थरथर जाणवली, आणि स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवलं त्या बाजूला गाडी गेली. मागे माई बसल्या होत्या, पट्टा लावून. त्यांना फक्त पुढे वाकल्यासारखं झालं. हे सांगताना दादाचा आवाज बदलतो.

२२ सप्टेंबर २०२५पासून अशा गाड्यांवरचा कर ४८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला, किमती उतरल्या. थांबलो असतो तर, असं दादा एकदा म्हणाला. थांबला असता तर तो पावसाळा जुनीत काढावा लागला असता. थांबायला हवं होतं, हे मला पटत नाही.

पुन्हा करायचं झालं तर चासी आधी, इंजिन नंतर. सीटांची आणि गोण्यांची मोजणी किमतीच्या आधी. पाड्यावरच्या लोकांशी बसून आधी बोलणं, म्हणजे चारच माणसं का, हे त्यांना आमच्या तोंडून कळलं असतं. हे राहून गेलं आणि ते पैशात भरून येत नाही.

जुनीची नोंदणी या डिसेंबरात संपते. आप्पांना ती वाढवून घ्यायची आहे. काठीची होळी झाली की पाटे पुन्हा उतरवायचे आणि वेल्ड कसा बसलाय ते हातोडीनं ठोकून बघायचं, असं ठरलं आहे. आवाज कसा येतो त्यावर आरटीओला जायचं की नाही ते ठरेल.